बोर्ड आणि स्टेन्सिलची धुलाई: हिंगण्याच्या शेडमधल्या नोंदी

१७ जून

परत आलेले अकरा सर्किट बोर्ड आज टेबलावर मांडले. सगळे सौर पंपाच्या कंट्रोलरचे आणि तक्रार सगळ्यांची एकच: विहिरीत पाणी नसतानाही पंप सुरू होतो. बोर्डाला वाटतं पाणी आहे. पाण्याचा प्रोब ज्या पिनवर येतो तिला ५ व्होल्टला १ मेगओमचा रेझिस्टर आहे. शेजारच्या ग्राउंडच्या पिनकडे तेवढीच गळती झाली की व्होल्टेज निम्म्यावर येतं आणि प्रोग्रॅम समजतो की प्रोब पाण्यात बुडाला.

भिंगाखाली कनेक्टरच्या पिनांभोवती पांढरी भुकटी दिसते. तांदळाच्या पिठाचं बोट पुसल्यासारखी.

मल्टीमीटर त्या दोन पिनांवर लावलं तर ‘ओएल’, म्हणजे मीटरच्या आवाक्याबाहेर. सगळं ठीक. मग चष्मा पुसताना मारतो तशी तोंडाची वाफ मारली. दोन सेकंदांत आकडा ७०० किलोओमवर. वाफ उडून गेली तसा परत चढत चढत ओएल. कोऱ्या पीसीबीवर, म्हणजे काहीच न बसवलेल्या बोर्डावर, तीच वाफ मारली तर मीटर जरासं हललं आणि लगेच सावरलं. मालकांना बोलावून दोनदा करून दाखवलं.

हे बोर्ड एप्रिल-मेमध्ये टेस्ट होऊन गेले. त्या दिवसांत नागपूरची हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. अशा हवेत बोर्डावर मीठ शिंपडलं असतं तरी टेस्टिंग पास झालं असतं. मृग लागला, पहिल्या सरी आल्या आणि डाग जागा झाला.

म्हणजे शोधायचं ते बोर्ड कसे धुतले जातात इथे. आजपासून ही वही.

२० जून

काही न बोलता दोन तास टच-अपच्या, म्हणजे सोल्डरचे जोड हाताने दुरुस्त करायच्या, टेबलाजवळ बसले. पद्धत अशी: स्टीलच्या ट्रेमध्ये आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), त्यात टूथब्रश बुडवायचा, सोल्डर केलेल्या जागी घासायचं, कापडाने टिपायचं, बोर्ड रॅकमध्ये. ट्रे सकाळी भरतात, संध्याकाळी ओततात. दुपारी तीनला त्याचा रंग बिनदुधाच्या चहासारखा होता.

तिथे काम करणाऱ्या मावशींना विचारलं, मध्येच बदलत का नाही? “पिवळं झालं म्हणून काय झालं ताई, साफ तर होऊनच राहिलं ना.” आणि खरंच, बोर्ड ओला असेपर्यंत चकचकीत दिसतो.

काचेच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर बाटलीतल्या ताज्या आयपीएचा थेंब, दुसरीवर ट्रेमधला. पंख्याखाली ठेवल्या. ताजा थेंब मागे काही न ठेवता उडाला. ट्रेच्या थेंबाच्या जागी पांढरट कडं राहिलं, नखाने ओरखडलं तर निघणारं. ती पट्टी आता टेबलावर चिकटपट्टीने लावून ठेवली आहे. दिवसभरात प्रत्येक बोर्डावर आपण हाच थेंब पसरवतो.

२४ जून

मालकांचा प्रश्न रास्त आहे: “म्याडम, पेस्टच्या डब्यावर तर नो-क्लीन लिहून आहे. मग धुऊन काऊन राहिलो आपण?”

उत्तर लांबलं, पण ते वहीत असलेलं बरं. पेस्ट म्हणजे सोल्डरच्या बारीक गोळ्या आणि फ्लक्स यांचं मिश्रण. फ्लक्स म्हणजे जोड नीट बसावा म्हणून धातू साफ करणारं द्रव्य. पूर्वी हा फ्लक्स धुवायला सीएफसी-११३ हे रसायन वापरायचे. उत्तम धुवायचं, झटकन उडायचं, पेट घ्यायचं नाही. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या कारणाने ते बाजारातून गेलं. तेव्हा कारखान्यांपुढे दोनच वाटा उरल्या: पाण्याने किंवा दुसऱ्या रसायनाने धुवा, नाहीतर न धुता चालेल असा फ्लक्स वापरा. दुसरी वाट म्हणजे नो-क्लीन.

या फ्लक्समध्ये ॲडिपिक, सक्सिनिक अशी सौम्य सेंद्रिय आम्लं असतात. ती पॅडवरचा, म्हणजे जोडाच्या धातूच्या जागेवरचा, ऑक्साइड खातात. रिफ्लोच्या, म्हणजे पेस्ट वितळवून जोड करणाऱ्या, भट्टीत बरीचशी उडून किंवा खर्ची पडून जातात, उरलेली फ्लक्समधल्याच थंड होणाऱ्या राळेत अडकतात. बुंदीच्या लाडवात वेलदोडा अडकतो तशी. राळ पाणी आत येऊ देत नाही म्हणून आतलं आम्ल निरुपद्रवी. न धुता चालतं ते एवढ्यासाठीच.

आता त्यावर मळक्या आयपीएचा ब्रश फिरवा. राळ विरघळते, पातळ होऊन पसरते, पण बोर्डावरून जात नाही. आम्ल मात्र उघडं पडतं. त्यात पावसाळी हवेतलं पाणी शिरलं आणि दोन पिनांमध्ये ५ व्होल्ट असले की गळतीची वाट तयार. जास्त दिवस तसंच राहिलं तर धातूचे केसासारखे फाटे एका पिनेकडून दुसरीकडे वाढत जातात.

तेव्हा मालकांना एवढंच सांगितलं: एकतर पूर्ण धुवायचं, नाहीतर हात लावायचा नाही. अर्धवट धुतलेला बोर्ड न धुतलेल्यापेक्षा वाईट. त्यांना पटलेलं दिसत नाही. दाखवावं लागेल.

२५ जून

दमट हवेची कॅबिनेट आपल्याकडे नाही. पण बंद डब्यात वाटीभर साधं मीठ पाण्यात कालवून ठेवलं, तळाला न विरघळलेलं मीठ राहील इतकं दाट, की आतली हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. मोठा प्लॅस्टिकचा हवाबंद डबा आणला, वाटी एका कोपऱ्यात, बोर्ड दुसऱ्या टोकाला पट्ट्यांवर उभे, वायरी झाकणाच्या भोकातून बाहेर, भोक पुट्टीने बंद. आतला हायग्रोमीटर संध्याकाळी ७६ दाखवत होता.

नियमातली इन्सुलेशनची चाचणी ४० अंश आणि ९० टक्क्यांवर १६८ तास चालते, कमीत कमी १०० मेगओम लागतात. माझा डबा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. आपापसात तुलना करायला पुरे.

बारा बोर्ड, तीन-तीनचे चार गट. पहिला भट्टीतून आला तसा, हात न लावलेला. दुसरा ट्रे आणि ब्रशवाला. तिसरा ताज्या आयपीएच्या तीन भांड्यांतून एकामागून एक नेलेला आणि शेवटी वरून धार सोडलेला. चौथ्यावर बाटलीतला लिक्विड फ्लक्स लावून टच-अप केलं आणि धुतलं नाही.

२ जुलै

डबा उघडायच्या आधी, वायरींवरच मोजलं. पहिला गट ओएल. तिसरा ओएल. दुसऱ्यातले तिन्ही खाली आले, एक तर ९०० किलोओमवर. हे अपेक्षित होतं.

चौथ्यातले दोन पडले. हे मी धरलं नव्हतं. विचार केल्यावर कळलं: बाटलीतला फ्लक्स आपण सढळ हाताने लावतो, तो जोडापासून सेंटिमीटरभर पसरतो, पण सोल्डरिंग आयर्नची उष्णता तेवढ्या लांब पोचत नाही. कडेचा फ्लक्स कच्चाच राहतो, आम्लासकट. नो-क्लीनची सगळी हमी तापल्यानंतरची आहे.

मालक आले, चारही आकडे पाहिले, म्हणाले, “म्हंजे धुऊनही मेलो आन् नाही धुऊनही मेलो.” मी म्हटलं, तसंच काहीसं. फ्लक्सच्या बाटल्या आजच कपाटात गेल्या. टच-अप फक्त फ्लक्स-कोअर असलेल्या, म्हणजे पोटात फ्लक्स भरलेल्या, सोल्डरच्या तारेने.

८ जुलै

बोर्डांचं सुरू असतानाच प्रिंटरवर, म्हणजे स्टेन्सिलच्या भोकांतून बोर्डावर पेस्ट लावणाऱ्या यंत्रावर, वेगळीच डोकेदुखी. क्यूएफएन आयसीच्या (बिनपायांच्या, तळाला पॅड असलेल्या चिपच्या) काही पॅडवर पेस्टच पडत नाही. ट्रेनी पोराने स्क्वीजीचा (पेस्ट ओढणाऱ्या पट्टीचा) दाब वाढवला, पेस्ट बदलली, फरक शून्य.

स्टेन्सिल काढून उजेडासमोर धरलं. अपर्चर, म्हणजे पत्र्यातली भोकं, आरपार मोकळी दिसतात. भिंगाखाली तिरपं धरलं तेव्हा भिंतींवर करडी खरड दिसली, वाळलेली.

हिशेब मांडला. पत्रा ०.१२ मिमी जाडीचा. अपर्चर ०.२५ बाय ०.६०. उघडं क्षेत्रफळ भागिले भिंतींचं क्षेत्रफळ: ०.७४ येतं. ०.६६ च्या वर असेल तर पेस्ट भिंती सोडून पॅडला चिकटते, असा प्रघात. आपली पेस्ट टाइप ४, म्हणजे तिच्यातल्या धातूच्या गोळ्या २० ते ३८ मायक्रॉनच्या. प्रत्येक भिंतीला २० मायक्रॉनची एकच गोळी चिकटून वाळली असं धरा. अपर्चर ०.२१ बाय ०.५६ झालं आणि गुणोत्तर ०.६४. एका गोळीच्या थराने स्टेन्सिल नापास. डोळ्याला मात्र भोक मोकळंच दिसतं.

भिंतीवर ती वाळते कशी, तेही सापडलं. जेवणाच्या सुट्टीत स्टेन्सिल पेस्टसकट तसंच पडून असतं आणि ‘एसी बंद आहे’ म्हणून कोणीतरी बाहेरच्या कूलरकडचं दार उघडं ठेवतं. मेपासूनची सवय, जाता जात नाही.

९ जुलै

खालच्या बाजूची पुसणी बदलली. आधी दर दहा प्रिंटला ओला रोल, बस. आयपीए जास्त झालं की ते अपर्चरमधून वर चढतं, पेस्टमधला फ्लक्स पातळ करतं, आणि पुढचे दोन-तीन प्रिंट ओघळतात. आता दर पाचला कोरडी पुसणी व्हॅक्यूमसह, दहाव्याला ओली आणि तिच्या लगेच मागे कोरडी. हाताने पुसायला बनियनच्या चिंध्या होत्या, त्यांचे धागे क्यूएफएनच्या अपर्चरमध्ये सापडले. चिंध्या बंद. कटरच्या पात्याने खरवडणं तर कालच बंद केलं, पत्र्यावर ओरखडे मोजता येईनात इतके आहेत.

१८ जुलै

स्टेन्सिलसाठी अल्ट्रासोनिक टाकी आली. ४० किलोहर्ट्झ. तयार मिळतात त्या लहान, आणि आपली फ्रेम २९ इंची, म्हणून स्टीलची टाकी इथल्याच फॅब्रिकेटरकडून करून घेतली. पाण्यात मिसळायचं रसायन वापरतोय.

ट्रेनी पोराने विचारलं, यात आयपीएच टाकलं तर? नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट १२ अंशांच्या आसपास. नागपुरात डिसेंबर-जानेवारीची पहाट सोडली तर हवा कायम त्याच्या वर असते, म्हणजे उघड्या टाकीवर पेटायला तयार वाफ कायम, आणि खाली विजेवर थरथरणारं यंत्र. स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचं देशाचं मुख्य कार्यालय याच गावात आहे. त्यांना पाहुणे म्हणून बोलवायची वेळ आणू नये.

१९ जुलै

चूक माझी, म्हणून सविस्तर. बोर्ड धुण्याच्या रसायनाच्या माहितीपत्रकात ५० ते ६० अंश वाचलं होतं, तोच आकडा डोक्यात ठेवून स्टेन्सिलच्या टाकीचा थर्मोस्टॅट ६० वर लावला. स्टेन्सिलचा पत्रा जाळीला आणि जाळी फ्रेमला गोंदाने चिकटवलेली असते. वीस मिनिटांनी बाहेर काढलं तर डाव्या कोपऱ्यातला गोंद पापुद्र्यासारखा सुटलेला, आणि पत्र्यावर बोट टेकवलं तर ढोलकीसारखा ताण नाही, सैल. एक स्टेन्सिल गेलं. न वाळलेली पेस्ट काढायला इतकी उष्णता लागतच नाही. थर्मोस्टॅट ३८ वर आणून नॉबला टेप मारली.

मावशींनी त्या स्टेन्सिलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या टूथब्रशच्या धुलाईत मी काढलेली चूक त्या अजून विसरलेल्या नाहीत.

२६ जुलै

चुकीचा प्रिंट पडलेले बोर्ड. आजवर कापडाने पुसून परत लाइनवर जायचे. पुसताना पेस्ट जाते, पण गोळ्या व्हायात (बोर्डाच्या आरपार बारीक भोकांत) आणि मास्कच्या, म्हणजे वरच्या रक्षक थराच्या, कडांत दाबल्या जातात, भट्टीत वितळतात आणि बारीक मणी होऊन बसतात. आता प्लॅस्टिकच्या पट्टीने जाड थर उचलायचा, मग लगेच टाकीत, धुवून, हवेने फुंकून, व्हाया भिंगाखाली पाहायच्या.

एक पेच यात आहे. दुसऱ्या बाजूचा प्रिंट चुकला असेल तर पहिली बाजू भट्टीतून आधीच गेलेली असते, तिच्यावर राळेचा थर असतो. टाकीतून काढताना तो अर्धवट भिजतो. म्हणजे जून महिन्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. असे बोर्ड वेगळ्या लाल क्रेटमध्ये, पूर्ण धुलाईला.

५ ऑगस्ट

पूर्ण धुलाई म्हणजे ५५ अंशांच्या सॅपोनिफायरमध्ये धुणं. हे अल्कली राळेतल्या आम्लांचा साबण करतं, मग तो साबण पाण्याने निघून जातो. पहिल्या खेपेला तीन धडे मिळाले.

ॲल्युमिनियमचे हीटसिंक काळवंडले. अल्कलीचं आणि ॲल्युमिनियमचं पटत नाही हे शाळेत शिकलो होतो, तरी. हीटसिंक आता धुलाईनंतर बसणार. उघड्या रिलेही नंतर.

बझरच्या तोंडावर गोल स्टिकर असतो, त्यावर ‘धुऊन झाल्यावर काढा’ अशा अर्थाचं छापलेलं असतं. आमच्याकडे तो पहिल्याच टेबलावर निघत होता, “दिसायला बरं नाही” म्हणून. बारा बझर पाणी पिऊन बसले. वाजवले तर सर्दी झाल्यासारखा आवाज.

तिसरं म्हणजे पाणी. शेवटचं विसळणं बोअरच्या पाण्याने केलं आणि बोर्ड वाळल्यावर पुन्हा पांढरे. मालक तेवढ्यात आले. त्यांचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं.

६ ऑगस्ट

कालचं पांढरं आणि जूनमधलं पांढरं एक नव्हे. जूनच्या बोर्डावर आयपीएचा बोळा फिरवला की डाग नाहीसा होतो, किंवा हॉट एअर दिली की काचेसारखा पारदर्शक होतो. कालच्यावर आयपीएचा काही परिणाम नाही. जेवणाच्या डब्यातल्या लिंबाच्या फोडीचा एक थेंब टाकला आणि भिंगाखाली पाहिलं: बारीक बुडबुडे. चुना. घरच्या कूलरच्या जाळीवर जमतो तोच.

आरओचं पाणी टीडीएस मीटरवर ४० दाखवतं, प्यायला छान, विसळायला नाही. रेझिनचं डीआय (पाण्यातले क्षार काढणारं) कार्ट्रिज लावलं, मीटर शून्य-एकवर आलं. शेवटचं विसळणं त्याच पाण्याने, मग ओव्हनमध्ये. लिंबू लागलेला बोर्ड भंगारात गेला, कोणी विचारू नये म्हणून लिहून ठेवते.

वापरलेल्या पाण्यात कथील आणि तांबं असतं, ते नालीत जाणार नाही. ड्रममध्ये साठवून अधिकृत विल्हेवाटीला.

१९ ऑगस्ट

बाहेरच्या लॅबमधून आयनांचा, म्हणजे बोर्डावर उरलेल्या मिठासारख्या अंशांचा, रिपोर्ट आला. पूर्ण धुतलेल्या बोर्डांची सरासरी दर चौरस सेंटिमीटरला ०.६ मायक्रोग्रॅम, मिठाच्या हिशेबात. जुनी मर्यादा १.५६. मालकांनी पेढे आणायला पाठवलं.

मी थांबवलं नाही, पेढे खाल्ले, मग हिशेब दाखवला. चाचणीत अख्खा बोर्ड आयपीए आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवतात आणि निघालेलं मीठ अख्ख्या क्षेत्रफळाने भागतात. आपला बोर्ड दोन्ही बाजू धरून २४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकूण १४४ मायक्रोग्रॅम. ते सगळं कनेक्टरखालच्या चार चौरस सेंटिमीटरमध्ये साचलेलं असेल तर तिथे ३६. सरासरी तरीही ०.६. शिवाय १.५६ हा आकडा १९७० च्या दशकातल्या राळेच्या फ्लक्सवरून आलेला. सोल्डरिंगच्या जे-एसटीडी-००१ या मानकाने २०१८ मध्ये तो सरसकट पास-नापासाची रेघ म्हणून सोडून दिला.

म्हणून रिपोर्टबरोबर मिठाचा डबाही चालू ठेवला आहे. सात दिवस, कनेक्टरच्या त्याच दोन पिना, सगळे ओएल. माझा जास्त भरवसा त्याच्यावर.

२७ ऑगस्ट

ठरलं ते असं. भट्टीतून आलेल्या साध्या बोर्डाला ब्रश लावायचा नाही, राळ दिसली तरी. प्रोबच्या सर्किटचे बोर्ड पूर्ण धुवायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे आणि मगच ओल रोखणारं कोटिंग. डागावर कोटिंग म्हणजे ओल्या भिंतीवर रंग, फोड येतातच. एखाद्या जोडाला हातानेच साफ करायचं असेल तर बोर्ड तिरपा धरून पिचकारीच्या बाटलीतून ताज्या आयपीएची धार, खालच्या कडेला टिपकागद, दोनदा. ट्रे बंद.

मावशींनी पिचकारी दोन दिवस वापरून पाहिली. आज म्हणाल्या, “यानं आयपीए कमी लागून राहिलं, ताई.” स्टोअरचं रजिस्टर पाहिलं. खरं आहे.

४ सप्टेंबर

काल मारबत होती (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘रोगराई घेऊन जा’ म्हणत निघणारी पुतळ्यांची मिरवणूक), शेड बंद. आज सकाळी ट्रेनी पोराने उरलेले सगळे टूथब्रश एका दोरीत ओवले, “पांढरा डाग घेऊन जा गे मारबत!” असं ओरडत लाइनभर फिरवले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. मावशीही हसल्या.

दुपारी मात्र एक बोर्ड परत आला. नव्या पद्धतीने धुतलेला, कोटिंग केलेला, ऑगस्टमधल्या खेपेतला. तक्रार तीच. उघडला तर कनेक्टरजवळ पांढरा डाग. पोटात गोळाच आला.

आयपीएने जाईना. लिंबाने फेस येईना. डागाच्या एका टोकाला काळपट, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलेलं. मालकांनी वाकून पाहिलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. पाल. वायर आत येते तिथली ग्लँड बसवलीच नव्हती, भोक उघडं होतं, आणि कनेक्टरच्या पिनांवर कोटिंग नसतंच.

इन्स्टॉलेशनवाल्यांना ग्लँडचा फोटो पाठवला. बोर्ड कोमट डीआय पाण्याने धुवून ओव्हनमध्ये ठेवला आहे, उद्या मिठाच्या डब्यात.